हातावरचं मलम वेगळं, पापणीवरचं वेगळं

मी नागपुरात मानेवाड्याला राहते आणि घरून डबे करते. शिकायला आलेली पोरं, एकटे राहणारे नोकरीवाले, काही म्हातारी जोडपी अशी माझी गिऱ्हाइकं आहेत. रोज पोळ्या, एक सुकी भाजी, एक रश्श्याची, वरण-भात आणि रविवारी सावजी मसाल्याचं काहीतरी. या कामात हात कधी कोरडे राहत नाहीत. कणीक, टमाटर, चिंच, हिरवी मिरची, भांड्यांचा साबण, आणि लसूण तर किलोच्या हिशेबानं. माझ्या हातांना इसब झालं त्यात या सगळ्यांचा वाटा होता. ते आटोक्यात आलं ते मलमांनी. मलम लावायचं म्हणजे ट्यूब दाबायची आणि चोळायचं, असं बहुतेक जण धरून चालतात. खरं तर कोणतं, कुठे, किती, किती दिवस आणि कसं कमी करत आणायचं यावर सगळं ठरतं. हे मला डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं म्हणून मी आज पुन्हा दोन्ही हातांनी कणीक मळते. माझ्यासारख्या पाण्यात हात असणाऱ्या बायका घरोघरी आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सुरुवात डाव्या हातापासून झाली. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट, एवढ्यांचीच टोकं खरखरीत झाली. मग तिथली कातडी जाड झाली, पापुद्रे निघू लागले आणि थंडी पडली तशा भेगा गेल्या. पोळी लाटताना भेगेत पीठ भरायचं, ते धुवायला जावं तर साबण झोंबायचा. लिंबू पिळायचं काम मी मुलाकडे दिलं. पुढे उजव्या हाताच्या पाठीवर लाल चट्टे उठले. रात्री इतकी खाज की झोपेत खाजवून खाजवून जाग यायची. आणि मग पापण्या. दोन्ही वरच्या पापण्या सुजल्या, लाल झाल्या आणि त्यांच्यावर बारीक कोंडा धरू लागला.

शेजारच्या काकू म्हणाल्या, "काहून व, येवढं अंगावर काढून राह्यली? पोटात उष्णता झाली असंन, सब्जा पीत जा." सासूबाईंनी खोबरेल कोमट करून दिलं. खोबरेलानं कोरडेपणाला थोडा आराम पडायचा, पण भेगांच्या कडेचा लालपणा आणि खाज तशीच राहायची. शेवटी ह्यांनी धंतोलीतल्या त्वचारोगतज्ज्ञ मॅडमची वेळ घेतली.

मॅडमनी हातांकडे बघण्याआधी मला चपला काढायला सांगितल्या. तळपाय, पायाच्या बोटांमधल्या जागा, कोपराच्या आतली घडी, मानेची मागची बाजू, सगळं बघितलं. लहानपणी दमा होता का, सकाळी उठल्या उठल्या शिंका येतात का, घरात कोणाला असं आहे का, हे विचारलं. माझ्या आईला दमा होता आणि लहानपणी माझ्या गुडघ्यामागे चट्टे यायचे, हे मला तेव्हा आठवलं. मग त्यांनी एका बोथट पात्यानं बोटाच्या टोकावरचे पापुद्रे खरवडून काचेच्या पट्टीवर घेतले, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला आणि काही वेळानं सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं. म्हणाल्या, "एकाच हाताला जास्त असलं की आधी बुरशी नाही ना, हे बघायचं. बुरशीवर स्टेरॉइड लावलं तर लाली जाते, खाज जाते, माणूस खूश होतो आणि खाली बुरशी पसरत राहते. मग ती ओळखूसुद्धा येत नाही." माझ्या पापुद्र्यांत बुरशी नव्हती.

ही तपासणी फार तर अर्ध्या तासाची. पण नागपूरच्या घामाच्या दिवसांत गजकर्ण घरोघरी असतं, आणि त्यावर औषधाच्या दुकानातून मिळणारं मलम बहुधा तीन औषधांचं मिश्रण असतं: बुरशीचं, जंतूंचं आणि एक जोरदार स्टेरॉइड. माझ्या दिराला जांघेतल्या गजकर्णासाठी एका दुकानदारानं चिठ्ठीशिवाय असंच मलम दिलं होतं. लावलं की बरं वाटायचं, सोडलं की दुपटीनं उठायचं. शेवटी जांघेत कायमच्या रेघा उमटल्या, पोटावर बाळंतिणीला उमटतात तशा. त्या रेघा आता जाणार नाहीत. मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारनं १४ स्टेरॉइड मलमं शेड्यूल एच मध्ये घातली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. त्यासाठी देशभरातल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेनं बरीच वर्षं पाठपुरावा केला होता. कायदा आहे, आणि तरीही मलम काउंटरवर मिळतं. याचा मला मनापासून राग येतो, कारण दिरासारख्या माणसाला आपण काय लावतोय हे सांगणारं तिथे कोणी नसतं.

माझ्या चिठ्ठीवरही स्टेरॉइडच होतं. क्लोबेटासॉल, मलमांतल्या सर्वांत जोरदार औषधांपैकी एक. मी बिचकले. मॅडमनी मग कागदावर चित्र काढून समजावलं. कातडीचा सगळ्यात वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो आणि त्या पेशींच्या मध्ये स्निग्ध पदार्थ भरलेले असतात. साबण आणि पाणी ते स्निग्ध पदार्थ काढून नेतात. मग आतलं पाणी उडून जातं आणि बाहेरचे त्रासदायक पदार्थ आत शिरतात. काही लोकांत, माझ्यासारख्या दम्या-शिंकांच्या घराण्यात, हा थर जन्मतःच कच्चा असू शकतो. फिलाग्रिन नावाचं एक प्रथिन त्या थराला बांधून ठेवतं, आणि त्याच्या जनुकातल्या दोषाचा इसबाशी असलेला संबंध २००६ मध्ये सिद्ध झाला. बाहेरचं आत शिरलं की खाली रोगप्रतिकारक पेशी जमतात, एकमेकींना रासायनिक संदेश पाठवतात, रक्तवाहिन्या रुंदावतात. लाली, सूज, खाज ही त्यातूनच. खाजवलं की थर आणखी फाटतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू.

स्टेरॉइड पेशीच्या आत जाऊन तिथल्या एका ठरावीक प्रथिनाला चिकटतं, त्याच्यासोबत केंद्रकात शिरतं आणि दाह वाढवणाऱ्या संदेशांची निर्मितीच कमी करतं. रुंदावलेल्या रक्तवाहिन्याही आकसतात. हा आकसण्याचा परिणाम इतका भरवशाचा आहे की १९६२ मध्ये मॅकेन्झी आणि स्टॉटन या दोघांनी निरोगी कातडीवर मलम लावून ती किती पांढुरकी पडते त्यावरून मलमाची ताकद मोजायची पद्धत बसवली. आज ट्यूबवर जी नावं दिसतात त्यांची सौम्य ते अतिजोरदार अशी जी उतरंड लावतात, तिच्या मुळाशी ही चाचणी आहे. हायड्रोकॉर्टिसोन सौम्य, मोमेटासोन मधलं, क्लोबेटासॉल सगळ्यात वर. टक्केवारीवरून मात्र काहीच कळत नाही. हायड्रोकॉर्टिसोन १ टक्का असतं आणि क्लोबेटासॉल ०.०५ टक्के, पण जोर क्लोबेटासॉलचा कितीतरी पट जास्त. औषधाच्या दुकानात "हे कमी टक्क्याचं आहे, चालेल" असं कोणी म्हणालं तर त्यावर जाऊ नये.

तोटा कुठून येतो हेही त्यांनी सांगितलं. दाह थांबवणारं हेच औषध कातडीच्या खालच्या थरात कोलॅजन, म्हणजे कातडीला बळकटी देणारं प्रथिन, तयार करणाऱ्या पेशींनाही मंदावतं. लांबवलं तर कातडी पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या वरून दिसायला लागतात, रेघा उमटतात. म्हणून क्लोबेटासॉलला सलग २ आठवड्यांची मर्यादा आणि आठवड्याला जास्तीत जास्त ५० ग्रॅम.

सासूबाईंची काळजी वेगळी होती. "स्टेरॉइडनं हाडं ठिसूळ होतात म्हणतात. तू रोज लावून राहिली आणि त्याच हातानं आम्हाला जेवू घालते." पुढच्या खेपेला मी त्यांनाच सोबत घेऊन गेले. मॅडमनी त्यांना 'आई' म्हणून समोर बसवलं आणि सांगितलं की असं औषध आपलं शरीर रोजच तयार करतं, मूत्रपिंडांच्या वर बसलेल्या ग्रंथींमध्ये. त्याच कुळातल्या कॉर्टिसोनसाठी केंडल, राइखश्टाइन आणि हेंच यांना १९५० मध्ये नोबेल मिळालं. दोन वर्षांनी, १९५२ मध्ये, सल्झबर्गर आणि विटन यांनी हायड्रोकॉर्टिसोन मलमातून कातडीवर लावून त्याचा गुण दाखवून दिला. त्याआधी इसबाला डांबराची मलमं आणि ओल्या पट्ट्या यांच्याशिवाय फारसं काही नव्हतं. हाडांचा त्रास होतो तो मुख्यतः गोळ्या दीर्घकाळ घेतल्यावर. मलमातूनही थोडं रक्तात जातं, ते त्यांनी नाकारलं नाही. क्लोबेटासॉल दिवसाला २ ग्रॅम इतकं वापरलं तरी शरीराची स्वतःची निर्मिती मंदावू शकते, असं त्या म्हणाल्या. मग त्यांनी मला विचारलं, "तुम्ही किती ग्रॅम लावता?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, कारण मलमाचं माप असतं हेच मला कोणी सांगितलं नव्हतं. स्वयंपाकात चिमूट हे जसं माप आहे तसं मलमाला बोटाचं पेर. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या रेघेपर्यंत ट्यूबमधून मलमाची एक वळी काढायची. पुरुषाच्या बोटावर ती साधारण अर्ध्या ग्रॅमची, बाईच्या बोटावर जरा कमी, ०.४ ग्रॅमच्या आसपास. लाँग आणि फिनले या डॉक्टरांनी १९९१ मध्ये हे माप रूढ केलं. एवढं मलम बोटांसकट दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरतं. एका हाताच्या दोन्ही बाजूंना मिळून एक पेर. म्हणजे माझ्या दोन्ही हातांना रात्री दोन पेरं, एक ग्रॅमच्याही आतच. आठवड्याला ६ ग्रॅमच्या आसपास. रोज रात्री लावायचं असेल तेव्हा ३० ग्रॅमची ट्यूब महिनाभर पुरायला हवी. ती आठवड्यात संपत असेल तर जास्त लावतोय, आणि तीन महिने चालत असेल तर बरं व्हायला पुरेसं लावतच नाही आहोत. सासूबाईंनी हा हिशेब घरी येऊन कॅलेंडरवर लिहून ठेवला, ट्यूब उघडल्याच्या तारखेसकट. तेव्हापासून ट्यूबवर लक्ष त्यांचंच आहे.

आता जागेबद्दल. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. तेच औषध, तेवढंच माप, पण शरीराच्या कोणत्या भागावर लावलं यावर ते किती आत जाणार हे ठरतं. फेल्डमन आणि मायबाख यांनी १९६७ मध्ये हायड्रोकॉर्टिसोन वेगवेगळ्या जागी लावून मोजलं. मनगट ते कोपर या भागाच्या आतल्या बाजूला जेवढं शोषलं जातं त्याला १ धरलं, तर तळव्याला ०.८३, कपाळाला ६, जबड्याच्या कोपऱ्याला १३, आणि पुरुषाच्या वृषणाच्या कातडीला ४२. दिराच्या जांघेत काय झालं ते या आकड्यांत सरळ दिसतं. माझ्या बोटांची कातडी तर इसबानं आणखी जाड झालेली. तिथे सौम्य मलम वरच्यावर राहिलं असतं. पापणीची कातडी शरीरात सगळ्यात पातळ, तिथे क्लोबेटासॉल गेलं तर कातडी तर पातळ होईलच, शिवाय डोळ्याचा दाब वाढणं, मोतीबिंदू हे धोके. मॅडमनी तंबीच दिली: हाताला मलम लावल्यावर डोळ्याला बोट लावायचं नाही. म्हणून मी आधी पापण्यांचं करते, मग हातांचं, आणि त्यावर सुती मोजे चढवून झोपते. मोज्यानं औषध पुसलं जात नाही आणि जरा जास्त आत जातं, हा त्याचा दुसरा उपयोग.

मलम आणि क्रीम यांतला फरकही सांगायला हवा. व्हॅसलिनच्या पायावरचं घट्ट, तेलकट मलम कातडीवर थर धरतं, पाणी उडू देत नाही, आणि औषध जास्त आत पोचवतं. जाड, कोरड्या, भेगाळलेल्या जागेला तेच. क्रीममध्ये पाणी असतं, ते टिकावं म्हणून संरक्षक द्रव्यं असतात, आणि उघड्या भेगेवर ती झोंबतात. चिकट पाणी सुटणाऱ्या ओल्या इसबाला मात्र क्रीम बरं, आणि केसांच्या जागी लोशन. मला रात्री मलम आणि दिवसा बिनवासाचं मॉइश्चरायझर, हात धुतले की ओलसर असतानाच. आधी औषध, मग अर्ध्या तासानं मॉइश्चरायझर, असा क्रम मॅडमनी घालून दिला. दिवसातून कितीदा ते लावलं याची मोजदाद मी ठेवली नाही. बाटली ओट्याशेजारीच ठेवली, म्हणजे हात आपोआप तिकडे जातो.

पहिल्या आठवड्यात भेगांच्या कडेला पिवळसर खपली होती, म्हणजे जंतूंचा शिरकाव झालेला. त्यावर आधी प्रतिजैविक गोळ्या दिल्या. मग क्लोबेटासॉलनं खाज काही रात्रींतच उतरली. लाली त्यानंतर गेली. जाडपणा सगळ्यात शेवटी, तोही पूर्ण नाही. इथेच बहुतेक जण औषध सोडतात, कारण खाज गेली की आजार गेला असं वाटतं. मॅडम म्हणाल्या, डोळ्यांना कातडी बरी दिसते तेव्हाही आत दाह उरलेला असतो. एकदम सोडायचं नाही. २ आठवड्यांनी त्यांनी मला मोमेटासोनवर उतरवलं, आधी रोज रात्री, मग एक दिवस आड, आणि मग आठवड्यातून फक्त दोन रात्री, जिथे नेहमी उठतं तिथेच. हे दोन रात्रींचं लावणं इसब उठण्याची वाट न बघता करायचं. असं केलं की पुन्हा उठण्याचं प्रमाण घटतं आणि एकूण स्टेरॉइडही कमी लागतं. मला हे फार पटलं आणि तसंच अनुभवाला आलं.

पापण्यांना टॅक्रोलिमस ०.०३ टक्के. हे स्टेरॉइड नाही. जपानमधल्या त्सुकुबा डोंगराच्या भागातल्या मातीतल्या एका जिवाणूपासून १९८४ मध्ये हे द्रव्य मिळालं, आधी अवयवरोपणानंतर शरीरानं नवा अवयव नाकारू नये म्हणून वापरलं गेलं, आणि २००० च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत त्याच्या मलमाला इसबासाठी मान्यता मिळाली. टी पेशी या रोगप्रतिकारक पेशींमध्ये कॅल्सिन्युरिन नावाचं विकर असतं. ते दाहाचे संदेश सुरू करणारी कळ दाबतं. टॅक्रोलिमस त्यालाच अडवतं. कोलॅजनच्या पेशींना ते हात लावत नाही, म्हणून कातडी पातळ होत नाही, आणि पापणीसारख्या जागी ते बरेच दिवस लावता येतं. पण सुरुवातीला आग होते. पहिल्या रात्री पापण्यांना अशी आग झाली की मी उठून कूलरपुढे तोंड धरून बसले. मॅडमनी आधीच सांगितलं होतं की आग होईल, ती औषधाची ॲलर्जी नव्हे, दाह उतरेल तशी आगही उतरेल. तोंड धुतल्यावर कातडी पूर्ण सुकू द्यायची, मग मसुराच्या डाळीएवढं लावायचं. आठवडा सरता सरता आग थांबली. हे आधी सांगितलं नसतं तर मी ट्यूब दुसऱ्याच दिवशी फेकली असती, आणि बरेच जण फेकतात असं मॅडमही म्हणाल्या.

त्याच्या कागदावर चौकटीत कर्करोगाचा इशारा असतो, तोही मी वाचला होता आणि विचारला. तो २००६ मध्ये अमेरिकेत घातला गेला, जनावरांना मोठे डोस दिल्यावर आणि रोपणाच्या रुग्णांनी पोटात घेतल्यावर काय दिसलं त्यावरून. नंतर हे मलम लावणाऱ्या हजारो मुलांवर बरीच वर्षं नजर ठेवली, तेव्हा कर्करोगाचं प्रमाण अपेक्षेपेक्षा जास्त आढळलं नाही. एवढं ऐकून माझं समाधान झालं. उन्हाबद्दल मात्र त्या कडक होत्या: लावलेल्या जागेवर ऊन नको, म्हणून फक्त रात्री, आणि दिवसा बाहेर जायचं तर छत्री, गॉगल. नागपूरच्या मे महिन्यात हे वेगळं सांगावं लागत नाही.

उन्हाळ्यात आणखी एक अडचण आली. पारा ४५ च्या आसपास गेला की स्वयंपाकघरात ठेवलेली ट्यूब दाबताच मलम पातळ होऊन ओघळतं, पेराचं माप घेताच येत नाही. ट्यूब आतल्या खोलीत, जिथे कूलरची हवा येते तिथल्या फडताळात ठेवली आणि प्रश्न मिटला. एरवी उन्हाळा माझ्या हातांना थंडीपेक्षा बरा गेला, कदाचित कूलरच्या ओलसर हवेमुळे.

आता मुळाकडे. मलमानं दाह उतरतो, पण रोज नव्यानं लागणारी ठिणगी कोणती, हे शोधायला मॅडमनी पॅच टेस्ट करायला सांगितली, आणि तीही थंडी सरायच्या आत, कारण पाठीवर चिकटपट्ट्या लावून २ दिवस घाम आणि पाणी टाळायचं असतं. पाठीवर छोट्या ॲल्युमिनियमच्या वाट्यांमधून वेगवेगळे पदार्थ लावतात: निकेल, सुगंधी द्रव्यांचं मिश्रण, रबरातली रसायनं, गाजर गवत. हे गाजर गवत आमच्या विदर्भातल्या शेतावरच्या माणसांच्या चेहऱ्या-मानेवर फार उठतं. माझ्यासाठी लसणातलं डायअलिल डायसल्फाइड वेगळं मागवलं होतं. पट्ट्या २ दिवसांनी काढून पहिलं वाचन, ४ दिवसांनी दुसरं. अशी ॲलर्जी संपर्कानंतर लगेच उठत नाही, एक-दोन दिवस घेते. त्यामुळे सोमवारी सोललेल्या लसणाचा त्रास बुधवारी होतो आणि संशय बुधवारच्या भाजीवर जातो. माझ्या पाठीवर लसणाच्या जागी लाल, पुरळ उठलेला गोल आला आणि सुगंधी द्रव्यांच्या जागी फिकट. निकेल, गाजर गवत साफ. आणि मग डाव्या हाताची तीनच बोटं का, ते सरळ झालं: उजव्या हातात सुरी, डाव्या हाताच्या त्या तीन बोटांत पाकळी.

लसणाचं हे द्रव्य नायट्राइलच्या हातमोज्यांतूनही पार जातं, म्हणून मोजे घालून सोलणं हा उपाय नाही. शिजल्यावर मात्र त्याचा जोर खूप उतरतो. मग सोललेला, वाटलेला लसूण कॉटन मार्केटमधल्या एका बाईकडून आणायला लागले आणि वाटीतून सरळ चमच्यानं फोडणीत टाकते. रविवारचा मसाला तसाच होतो, गिऱ्हाइकांना फरक कळलेला नाही. भांड्यांचा साबण बिनवासाचा केला, आणि घासताना आत सुती, वर रबरी असे दुहेरी मोजे. रबरी मोजे फार वेळ ठेवले तर आत घाम साचून पुन्हा इसब उठतं, म्हणून भांडी दोन हप्त्यांत.

हात पूर्ण निकोप झाले असं मी म्हणणार नाही. लग्नसराईत मोठ्या ऑर्डरी आल्या की मधल्या बोटाचं टोक पुन्हा खरखरीत होतं. तेव्हा काय करायचं हे चिठ्ठीवर लिहिलेलं आहे: मोमेटासोन रोज रात्री, फार तर २ आठवडे, आणि उतरलं नाही तर दाखवायचं. हाताच्या जुनाट इसबासाठी डेल्गोसिटिनिब नावाचं स्टेरॉइड नसलेलं क्रीम युरोपात २०२४ मध्ये आणि अमेरिकेत २०२५ मध्ये मान्य झालं आहे, असं मॅडम बोलल्या. माझ्यासाठी सध्या आहे तेच पुरेसं आहे असंही म्हणाल्या.

आमच्या गल्लीतल्या बचत गटात हात दाखवून मी हे सगळं सांगितलं तेव्हा एक तरुण मुलगी बैठक संपल्यावर मागे थांबली. गोरेपणासाठी ती बरेच महिने एक क्रीम लावत होती, आता उन्हात गेलं की चेहरा लालबुंद होतो, गालावर लव वाढली आहे आणि क्रीम सोडलं की आग होते. ट्यूब बघितली तर त्यात मोमेटासोन. तिला मी मॅडमकडे घेऊन गेले. बरं व्हायला महिने लागतील, धीर धर, पण होईल, असं त्यांनी तिला सांगितलं. पुढच्या बैठकीला मॅडम स्वतः यायला तयार झाल्या आहेत. प्रत्येकीनं घरात असलेली सगळी मलमं, क्रीम, अर्धवट पिळलेल्या ट्यूबा, जे असेल ते पिशवीत घालून आणायचं असं आम्ही ठरवलं आहे. सासूबाईंनी पेराचं माप दाखवायचं काम स्वतःकडे घेतलं आहे.